पुण्यात घरं बांधायला जागाच उरली नाही, हे खरं आहे का? हा हिशोब नेमका करतात तरी कसा?

पुण्यात घर शोधायला निघालेल्या माणसाला एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "अहो, पुण्यात आता जागाच कुठे उरलीये?"

भाव एवढे का, असं विचारलं तर हेच उत्तर. ऑफिस हिंजवडीत आणि परवडणारा फ्लॅट मात्र पार वाघोलीच्या पुढे का, तर हेच उत्तर. टेकड्यांवर थोडं बांधकाम करू द्या, नदीकाठची बंधनं जरा सैल करा, अशी मागणी होते तेव्हाही शेवटचा मुद्दा हाच असतो. जागा संपली.

पण लोहगावला विमान उतरताना खिडकीतून खाली बघितलं तर शहराच्या कडेला मोकळी रानं दिसतात. शहराच्या मधोमधसुद्धा पत्रे मारून ठेवलेले प्लॉट दिसतात. मग जागा संपली म्हणजे नक्की काय संपलं?

एखाद्या शहराकडे पुढच्या वाढीसाठी पुरेशी जमीन आहे का, हे ठरवायची एक पद्धत आहे. ती फार अवघड नाही. गुणाकार, वजाबाकी आणि थोडा संशय एवढ्यावर काम भागतं. आज पुण्याचं उदाहरण घेऊन तोच हिशोब मांडूया. तुमचं शहर नाशिक, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर असलं तरी पद्धत हीच लागू पडते.

आधी साधा गुणाकार : किती माणसं मावतील?

२०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या होती ३१ लाख २४ हजार. तेव्हा महापालिकेची हद्द होती साधारण २५० चौरस किलोमीटर, म्हणजे २५ हजार हेक्टर. भागाकार केला तर हेक्टरी १२५ माणसं येतात. यात पेठांमधले दाटीचे वाडेही आले आणि टेकड्या, नदी, लष्कराच्या जागाही आल्या.

त्यानंतर हद्द वाढली. २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली आणि २०२१ मध्ये आणखी २३. एका झटक्यात पुणे हे क्षेत्रफळाने राज्यातली सगळ्यात मोठी महापालिका झालं, मुंबईपेक्षाही मोठं. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. तरी हद्द ढोबळमानाने ५०० चौरस किलोमीटर, म्हणजे ५० हजार हेक्टर धरायला हरकत नाही.

आता केंद्र सरकारच्या नगरनियोजनाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना बघू. १० लाख ते १ कोटी लोकसंख्येच्या महानगरांसाठी त्यात हेक्टरी १२५ ते १७५ माणसं ही घनता सुचवली आहे. ५० हजार हेक्टरला या आकड्यांनी गुणलं की उत्तर येतं ६२ ते ८७ लाख.

वा, मग प्रश्न मिटला? नाही. कारण ही घनता विकासयोग्य जमिनीसाठी सांगितलेली आहे, नकाशावरच्या सगळ्या जमिनीसाठी नाही. इथूनच खरा हिशोब सुरू होतो.

मोकळी दिसणारी जमीन म्हणजे बांधता येणारी जमीन नव्हे

धान्य चाळताना जशा वेगवेगळ्या चाळण्या लागतात, तशा जमिनीलाही लागतात.

पहिली चाळणी निसर्गाची. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे १:५ पेक्षा जास्त चढ असलेल्या डोंगरउतारावर बांधकाम करता येत नाही. म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर जमीन एक मीटरपेक्षा जास्त चढत असेल तर ती यादीतून बाद. मग येतात नद्या आणि ओढे. पाटबंधारे खातं नदीकाठी दोन रेषा आखतं. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधायचं नसतं, लाल रेषेपर्यंत बंधनं असतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत पाणी कसं शिरलं, हे ज्यांनी पाहिलं त्यांना या चाळणीचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

दुसरी चाळणी संरक्षण खात्याची. पुणे आणि खडकी ही दोन कॅन्टोन्मेंट शहराला चिकटून आहेत. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा. खडकवासल्याला एनडीए. त्यांची स्वतःची जमीन तर मिळत नाहीच, पण भोवतालच्या जमिनीवरही अंतराची किंवा उंचीची बंधनं येतात. प्लॉट तुमचा, पण किती मजले चढवायचे हे विमानाच्या वाटेवर ठरतं.

तिसरी चाळणी आरक्षणांची. शहर म्हणजे नुसती घरं नाहीत. रस्ते, शाळा, दवाखाना, बाग, कचरा प्रकल्प, अग्निशमन केंद्र, स्मशानभूमी या सगळ्यांना जमीन लागते. म्हणून विकास आराखड्यात, म्हणजे डीपीमध्ये, त्यांच्यासाठी आरक्षणं टाकतात. घरांसाठी उरते ती या सगळ्यानंतरची जमीन.

इथे एक गंमत आहे. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत आरक्षणाची जागा ताब्यात घेतली नाही, तर जमीनमालक एमआरटीपी कायद्याच्या कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षणच रद्द होतं. कागदावर तेव्हा घरांसाठीची जमीन वाढते. प्रत्यक्षात मात्र त्या भागातली बाग किंवा शाळा गेलेली असते.

चौथी चाळणी सगळ्यात दुर्लक्षित आहे, ती म्हणजे सातबाऱ्याची. जमीन सपाट आहे, आरक्षण नाही, डीपी रोडही शेजारून जातो. पण उताऱ्यावर १४ वारसांची नावं आहेत आणि दोघांचा कोर्टात दावा चालू आहे. किंवा जमीन भोगवटादार वर्ग २ ची आहे आणि सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. किंवा मालकाला घाईच नाही, पाच वर्षांनी भाव दुप्पट होईल म्हणून तो थांबलाय. तो काही चूक करत नाही, जमीन त्याची आहे. पण ही जमीन पुढच्या दहा वर्षांत घरांसाठी मिळणार नाही, हे हिशोबात धरायला हवं.

पाचवी चाळणी सोयींची. रस्ता, पाण्याची लाइन, ड्रेनेज. या तिन्ही नसतील तर इमारत उभी राहते, पण शहर होत नाही.

एका काल्पनिक गावाचा हिशोब

हे सगळं आकड्यांत बघू. नुकतंच महापालिकेत आलेलं एक गाव आहे असं समजा. खालचे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, कुठल्या खऱ्या गावाचे नाहीत.

गावाची एकूण जमीन १०० हेक्टर. त्यातली २५ हेक्टर आधीच बांधलेली. उरली ७५.

आता एखाद्याने सरळ हिशोब केला की ७५ हेक्टर मोकळी आहे आणि २ एफएसआय मिळेल. (एफएसआय म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येईल ते. १ हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर २ एफएसआय म्हणजे २ हजार चौरस फूट बांधकाम.) ७५ हेक्टर म्हणजे साडेसात लाख चौरस मीटर, त्याच्या दुप्पट १५ लाख. जिना, भिंती वगैरे धरून एका घराला ७५ चौरस मीटर दिले तर २० हजार घरं. घरात चार माणसं धरली तर ८० हजार लोक.

आता चाळण्या लावू. उतार आणि ओढ्याची १५ हेक्टर गेली, उरली ६०. रस्ते आणि आरक्षणं ३५ टक्के धरली तर २१ गेली, उरली ३९. वाद, वारस आणि थांबलेले मालक मिळून यातली एक तृतीयांश येत्या काळात येणार नाही असं धरलं, तर उरली २६ हेक्टर. रस्ते अरुंद असल्यामुळे जादा एफएसआय मिळत नाही, त्यामुळे मूळ १.१ च धरू. बांधकाम होतं २ लाख ८६ हजार चौरस मीटर. घरं साधारण ३,८००. माणसं १५ हजार.

गाव तेच. एका हिशोबात ८० हजार माणसं, दुसऱ्यात १५ हजार. पाचपटीहून जास्त फरक.

जमीन एक इंचही कमी-जास्त झाली नाही. बदलली ती फक्त गृहीतकं. म्हणून कुणीही "एवढी जमीन शिल्लक आहे" किंवा "जमीन संपली" असं म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा, वजाबाकी कुठपर्यंत केली?

आणखी एक गोष्ट. याच गावात रस्ते रुंद झाले आणि एफएसआय १.१ ऐवजी २ वापरता आला, तर त्याच २६ हेक्टरवर जवळपास २८ हजार माणसं राहू शकतात. नवी जमीन न आणता जागा जवळपास दुप्पट. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी बाजू : येणार किती माणसं?

जमीन पुरेल का हे कळायला माणसं किती येणार हेही कळायला हवं. इथे आपली मोठी अडचण आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची जनगणना १ मार्च २०२७ ही तारीख धरून होणार आहे. तोवर हातात पक्का आकडा २०११ चाच.

तो आकडासुद्धा नीट वाचावा लागतो. २००१ ते २०११ मध्ये पुणे महापालिकेची लोकसंख्या २५ लाख ३८ हजारांवरून ३१ लाख २४ हजारांवर गेली. वाढ २३ टक्के. त्याच दहा वर्षांत शेजारच्या पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १० लाख १२ हजारांवरून १७ लाख २७ हजारांवर गेली. वाढ ७१ टक्के.

म्हणजे फक्त पुण्याचा आकडा बघितला तर वाटेल वाढ बेताचीच आहे. प्रत्यक्षात ती मुळा नदी ओलांडून पलीकडे गेली होती. माणूस घर घेताना महापालिकेची हद्द बघत नाही, ऑफिसला जायला किती वेळ लागेल आणि हप्ता किती बसेल हे बघतो. दोन्ही शहरं मिळून बघितली तर वाढ ३७ टक्क्यांच्या आसपास येते.

आता पुढचा अंदाज. २०११ च्या पुणे महापालिकेला दर दहा वर्षांनी २३ टक्के वाढ लावली तर २०३१ मध्ये साधारण ४७ लाख होतात. ३७ टक्के लावली तर ५८ लाख. यात नव्याने आलेल्या गावांत २०११ मध्ये आधीच राहणारी माणसं धरलेली नाहीत. ती मिळवली की आकडा आणखी वर जातो.

आता जमिनीच्या बाजूला परत या. ५० हजार हेक्टरपैकी टेकड्या, नद्या, तलाव आणि संरक्षणाच्या जागा मिळून एक चतुर्थांश वजा करू. पुन्हा सांगतो, हे गृहीतक आहे. नेमका आकडा महापालिकेने मोजून सांगायला हवा. उरली साडेसदतीस हजार हेक्टर. हेक्टरी १२५ माणसं धरली तर मावतात ४७ लाख. १७५ धरली तर जवळपास ६६ लाख.

आता दोन्ही जोड्या शेजारी ठेवा. गरज ४७ ते ५८ लाख आणि त्याहून थोडी जास्त. क्षमता ४७ ते ६६ लाख. वाढ जोरात झाली आणि घनता कमीच राहिली तर जागा अपुरी. घनता वाढवता आली तर ती पुरते, पण हात सैल सोडण्याइतकी नाही.

मग टेकड्या उघडल्या तर?

या चर्चेत सगळ्यात तापणारा मुद्दा हाच. १९९७ मध्ये पुण्यात समाविष्ट झालेल्या २३ गावांमधल्या टेकड्यांवर ९७८ हेक्टरचं जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण आहे. ते उठवलं तर घरांचा प्रश्न सुटेल का?

हिशोब करू. ५० हजार हेक्टरमध्ये ९७८ हेक्टर म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. तिथे एकही झाड न ठेवता सपाट जमिनीसारखं शहर वसवलं आणि हेक्टरी १२५ ते १७५ माणसं धरली, तर मावतील १ लाख २२ हजार ते १ लाख ७१ हजार माणसं. २००१ ते २०११ मध्ये महापालिकेत वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं वाढत होती. म्हणजे सगळ्या बीडीपीवर बांधकाम केलं तरी तेव्हाच्या वेगाने दोन ते तीन वर्षांची सोय.

आता दुसरा हिशोब. त्याच साडेसदतीस हजार हेक्टर विकासयोग्य जमिनीवर घनता १२५ वरून १७५ वर नेली, तर जादा मावणारी माणसं होतात १८ लाख ७५ हजार. म्हणजे टेकड्यांच्या दहापटीहून जास्त.

म्हणून "टेकड्या उघडल्याशिवाय घरांना जागा नाही" हा दावा आकड्यांत टिकत नाही. टेकडी गेली तर पावसाचं पाणी मुरायची जागा जाते, खालच्या सोसायट्यांमध्ये पाणी येतं, आणि बदल्यात दोन-तीन वर्षांची सवड मिळते. नुकसान कायमचं, फायदा तात्पुरता.

पण एक बाजू मांडायलाच हवी. या टेकड्या आकाशातून पडलेल्या नाहीत. त्यातली बरीच जमीन खासगी आहे, शेतकरी कुटुंबांची आहे. आरक्षण पडल्यापासून त्यांना ना बांधता येतं ना भाव मिळतो. मोबदला म्हणून जो ८ टक्के टीडीआर ठरवला, तो त्यांना फारच तुटपुंजा वाटतो. शहराला टेकडी हवी असेल तर तिची किंमत फक्त टेकडीच्या मालकाने का मोजायची, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर योग्य मोबदला हे आहे. "जागा संपली, म्हणून बांधू द्या" हे त्याचं उत्तर नाही.

घनता वाढवायची म्हणजे नुसते टॉवर उभे करायचे का?

घनता कागदावर सोपी दिसते. प्रत्यक्षात ती कुठे वाढते यावर सगळं अवलंबून आहे.

मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत पुण्यात ४ पर्यंत एफएसआयची तरतूद आहे. कल्पना अशी की जिथे मेट्रो आहे तिथे जास्त माणसं राहावीत, म्हणजे गाड्या कमी निघतील. जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास हाही असाच मार्ग. १९७०-८० च्या दशकातल्या तीन मजली सोसायटीच्या जागी १२ मजले आले की जमीन तीच राहते आणि घरं वाढतात. "मोकळी जमीन" मोजताना ही जागा कुणी धरतच नाही.

पण इथेही वजाबाकी आहे. पुनर्विकासात दोन खोल्यांच्या जागी थ्री बीएचके आले तर बांधकाम दुप्पट होतं, माणसं दुप्पट होत नाहीत. आणि सहा मीटरच्या गल्लीत टॉवर उभा राहिला तर अग्निशमन दलाची गाडी आत जायची कशी?

बंद घरांचाही प्रश्न आहे. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरी भागात १ कोटी ११ लाख घरं रिकामी आढळली होती आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सगळ्यात मोठा होता. कुणी गुंतवणूक म्हणून घेतलेली, कुणाची मुलं परदेशात, कुणाला भाडेकरूची भीती. ही घरं जमीन खातात, पण कुणाला राहायला उपयोगी पडत नाहीत. म्हणजे जागा आहे, घरंही आहेत, तरी घर नसलेला माणूस बाहेरच.

तो माणूस मग काय करतो? शहराच्या कडेला एक-दोन गुंठ्यांचा तुकडा घेतो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. बऱ्याचदा परवानगी नसते, नकाशा मंजूर नसतो, रस्ता असतो दहा-बारा फुटी. आयुष्यभराची कमाई त्यात घालून तो दोन खोल्या बांधतो. असे शेकडो गुंठे भरले की तिथे पुढे डीपी रोड काढायचा म्हटलं तर कुणाचं तरी घर पाडावं लागतं. वेळेवर रीतसर जमीन उपलब्ध झाली नाही तर शहर थांबत नाही, ते वेडंवाकडं वाढतं. जमिनीचा हिशोब चुकण्याची खरी किंमत ही आहे, आणि ती सगळ्यात आधी कमी पगाराचा माणूस मोजतो.

जमीन आहे, पण पाणी?

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून उपयुक्त क्षमता २९.१५ टीएमसी. महानगरांसाठी केंद्राचा निकष आहे माणशी रोज १५० लीटर. ४७ लाख माणसांना त्या हिशोबाने वर्षाला साधारण ९ टीएमसी लागतात, ६६ लाखांना पावणेतेरा. गळती धरली तर आणखी.

म्हणजे धरणात पाणी आहे? आहे, पण ते एकट्या पुण्याचं नाही. त्याच पाण्यावर कालव्याने हवेली, दौंड, इंदापूरची शेती होते. शहराने जादा उचललेला प्रत्येक टीएमसी तिकडच्या आवर्तनातून कमी होतो. दर उन्हाळ्यात कालवा समितीच्या बैठकीत जी ओढाताण होते ती यावरूनच.

आणि धरणातलं पाणी नळाला यायला पाइपलाइन लागते. नव्या गावांमधल्या कितीतरी सोसायट्या आजही टँकरवर आहेत. विकास आराखडा रखडत राहिला, इमारती मात्र थांबल्या नाहीत. तिथे जमीन होती, परवानगी होती, घरंही झाली. फक्त पाणी आणि रस्ता मागे राहिला. या भागांत कमतरता जमिनीची नाही, सोयी पोहोचलेल्या जमिनीची आहे.

हा हिशोब ठेवायचा कुणी?

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात १९७३ च्या कायद्यापासून शहरांच्या वाढीला सीमा आखायची पद्धत आहे. त्या सीमेच्या आत पुढच्या २० वर्षांच्या घरांना पुरेल इतकी बांधता येणारी जमीन आहे का, याची यादी करावी लागते. पोर्टलंड परिसरात दर सहा वर्षांनी तरी हा हिशोब पुन्हा तपासतात. उतार, पूररेषा, आधीचं बांधकाम, पुनर्विकासाची शक्यता, सगळं वजा-मिळवणी करून. कमी पडलं तर दोन पर्याय असतात. सीमा वाढवा, नाहीतर आहे त्या जमिनीवर जास्त घरं बसतील असे नियम करा. तिथेही वाद होतात, घरं तिथेही महाग आहेत. पण वाद आकड्यांवर होतो.

आपल्याकडे एमआरटीपी कायद्यात आराखडा करण्याआधी सध्याच्या जमीनवापराचा नकाशा करायची तरतूद आहे आणि आराखडा २० वर्षांतून एकदा तरी सुधारायचा आहे. पण मधल्या २० वर्षांत किती जमीन भरली, किती अडकली, किती सोयीसह तयार झाली, याची चालू वही लोकांसमोर ठेवायची सक्ती नाही. पुण्याच्या जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७ साठीचा आराखडा मंजूर झाला जानेवारी २०१७ मध्ये. म्हणजे २० वर्षांच्या आराखड्याची निम्मी वर्षं तो मंजूर होण्यातच गेली.

वही नसली की "जागा संपली" आणि "जागा भरपूर आहे" ही दोन्ही वाक्यं छातीठोकपणे म्हणता येतात. खोडायला कुणाकडे आकडा नसतो.

मग उत्तर काय?

पुण्यात जागा संपलेली नाही. पण उधळपट्टी करण्याइतकीही उरलेली नाही. जी आहे तिथे रस्ता, पाणी आणि ड्रेनेज वेळेवर पोहोचलं तर ती बराच काळ पुरेल. नाही पोहोचलं तर आणखी ३४ गावं घेतली आणि सगळ्या टेकड्या सपाट केल्या तरी कमीच पडेल.

तुमच्या भागाचा आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती आणि सूचनांसाठी मुदत मिळते. त्या वेळी आपल्या प्लॉटवर आरक्षण पडलंय का एवढंच आपण बघतो. या वेळी आणखी चार गोष्टी विचारा.

१. उतार, पूररेषा, संरक्षण आणि आरक्षणं वजा केल्यावर घरांसाठी नेमकी किती हेक्टर जमीन उरते?

२. त्यातली किती येत्या दहा वर्षांत खरोखर मिळण्यासारखी आहे?

३. हेक्टरी किती माणसं धरली आहेत आणि तेवढ्यांना पाणी कुठून येणार आहे?

४. मागच्या आराखड्यातली किती आरक्षणं ताब्यात आली आणि किती रद्द झाली?

या चार प्रश्नांची उत्तरं आकड्यांत मिळाली, तर पुढच्या वेळी कुणी "जागाच कुठे उरलीये?" म्हणालं की तुम्हाला वाद घालावा लागणार नाही. सरळ कागद पुढे करता येईल.